दुर्मिळ फळझाडं: बी लावायचं की कलम, आणि जातींची तुलना कशी करायची?

नवा_वाफा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आता प्रत्यक्ष लागवडीची वेळ आली म्हणून विचारतो.

दहा-बारा झाडं बसतील एवढी जागा आहे. हवा वर्षभर उबदार आणि दमट, थंडीतही रात्रीचा पारा सहसा १५ अंशांच्या खाली जात नाही. लावायचंय ते जरा वेगळं: मँगोस्टीन, रंबुतान, ड्युरियन, आटेमोया, जाबोटिकाबा आणि जमलं तर मॅमी सपोटे. मँगोस्टीन आणि रंबुतानची बी लावून उगवलेली थोडी रोपं पिशव्यांमध्ये आहेत. मँगोस्टीन अजून वीतभरही वाढलेलं नाही, रंबुतान मात्र जोरात आहे.

आता अडचण अशी की जितक्या लोकांना विचारावं तितकी उत्तरं. एक म्हणतो, बियांची झाडं लावूच नका. दुसरा म्हणतो, मँगोस्टीन बियांचंच लावा. ड्युरियनमध्ये मोंथोंग घ्यावं की मुसांग किंग, यावर तर भांडणं होतात. प्रत्येकाची जात ‘सर्वात गोड’. एकेका फळाच्या दोन-तीन जाती शेजारी-शेजारी लावून स्वतःच तुलना करावी असं मनात आहे, पण ती कशी करायची, काय मोजायचं, किती वर्षं थांबायचं, काहीच अंदाज नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगावं.

सोटमूळ

जाती नंतर, आधी निचरा. पावसाळ्यात खड्डा खणा, पाणी भरा आणि किती वेळात जिरतं ते बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर ड्युरियन लावू नका, किंवा उंचवटा करून त्यावर लावा. फायटोफ्थोरा बुरशी मुळांत शिरली की बुंध्यावर तपकिरी ओघळ दिसायला लागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. साचलेल्या पाण्यात जगातली कुठलीही जात सारखीच मरते.

बाकी उत्तर कलमकाठी ताई देतील, त्यांचा हा विषय आहे.

कलमकाठी

सोटमूळ यांचं निचऱ्याबद्दल अगदी बरोबर. त्यात फक्त एवढं जोडते की मँगोस्टीनला ओल खूप चालते, ड्युरियनला चालत नाही. दोघं एकाच हवेत वाढतात म्हणून त्यांना एकाच वाफ्यात बसवू नका. सखल कोपरा असेल तर तो मँगोस्टीनला द्या.

आता मूळ प्रश्न. गोडी, आकार, रंग या गोष्टी जरा बाजूला ठेवा. प्रत्येक झाडाबद्दल पहिल्यांदा हे विचारा की त्याच्या बीतून आईसारखंच झाड येतं का. याचं उत्तर फळागणिक वेगळं आहे, आणि तुम्हाला मिळालेले सगळे उलटसुलट सल्ले इथूनच येतात. मँगोस्टीन वाढवलेला माणूस ‘बी लावा’ म्हणतो आणि रंबुतान वाढवलेला ‘बी लावू नका’ म्हणतो. दोघंही आपापल्या झाडापुरते खरे आहेत.

मँगोस्टीनपासून सुरू करते. त्याच्या बीमध्ये आई-बाप दोघांचा संकर झालेला गर्भ नसतोच. परागकण न लागता, आईच्याच पेशींतून गर्भ तयार होतो. म्हणून बीतून येतं ते झाड म्हणजे जवळजवळ आईची नक्कल. लागवडीत नर झाडं दिसत नाहीत, आणि त्यांच्यावाचून काही अडतही नाही. कोकम याच कुळातलं, पण तिथे नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपांतली बरीच नर निघतात. कुळ एक असलं म्हणून वागणं एक असेल असं धरून चालू नका.

याचा अर्थ असा की मँगोस्टीनच्या दोन-तीन ‘जाती’ शेजारी लावून फारसं काही हाती लागणार नाही. मेस्टा तेवढी खरोखर वेगळी ओळखता येते. तिचं फळ टोकाकडे निमुळतं असतं आणि त्यात बी क्वचित. बाकी बहुतेक फरक झाडाचं वय, पाणी आणि सावली यांचे असतात. कलम लावलं तर फळ थोडं लवकर येतं, पण झाड बुटकं राहतं आणि उत्पादन कमी. तुमची बियांची रोपं उत्तम आहेत, तीच लावा. फळाला ७ ते १० वर्षं धरा, कधी त्याहूनही जास्त. रोप वीतभर आहे म्हणून घाबरू नका, ते तसंच वाढतं. त्याच्या मुळांना केसमुळं जवळपास नसतात, त्यामुळे जमिनीतून अन्नपाणी ओढण्याचा वेगच कमी.

रंबुतानचं सगळं याच्या उलट. बियांच्या रोपांपैकी जवळपास निम्मी नर निघतात. पानावरून, खोडावरून, वाढीवरून काही कळत नाही. फुलोरा येईपर्यंत पाच-सहा वर्षं त्याला पाणी घालत राहायचं आणि मग कळतं की या झाडाला कधीच फळ धरणार नाही. उरलेल्या मादी झाडांतही फळ कसं निघेल याचा भरवसा नाही. म्हणून रंबुतान कलमीच घ्या, आणि डोळा भरलेलं (चांगल्या जातीच्या फांदीवरचा फुटीचा डोळा रोपाच्या सालीत बसवून केलेलं) घ्या. गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेलं) स्वस्तात आणि पटकन होतं, पण त्याला सोटमूळ नसतं, जोराच्या वाऱ्यात झाड कलंडतं.

रंबुतानच्या जातींत तुलना करण्यासारखं भरपूर आहे. रोंगरियन पूर्ण पिकल्यावरही तिच्या केसांची टोकं हिरवीच राहतात, लांबून ओळखू येते. पण मी तुम्हाला रंगापेक्षा एक वेगळी गोष्ट बघायला सांगेन. फळ सोला, गर दातांनी बीपासून सोडवा आणि बघा, बीवरची ती पातळ, लाकडासारखी साल गराला चिकटून येते का. काही जातींत गर स्वच्छ सुटतो. काहींत प्रत्येक घासाबरोबर ती कडक सालपटं तोंडात येतात, आणि गोडी कितीही असली तरी तिसऱ्या फळानंतर हात थांबतो. गोडीचा आकडा सगळे सांगतात, हे कोणी सांगत नाही. आणि हा जातीचा गुण आहे, खतपाण्याने बदलत नाही.

चांगल्या जातींची फुलं दिसायला उभयलिंगी असतात, पण बहुतेक मादीसारखीच वागतात आणि परागकण देणारी फुलं फार थोडी. म्हणून काही बागांत फुलोऱ्याच्या एखाद्या भागावर एनएए हे संजीवक फवारून तिथे नर फुलं आणतात. तुमच्या दोन-तीन झाडांसाठी ते करायला नको. पिशवीतल्या बियांच्या रोपांपैकी एखादं नर निघालं तर त्याची एक फांदी राखा, परागकणांची सोय तीच करेल. नर झाड उपटायचीही गरज नसते. बाकीच्या फांद्यांवर कलमी जातीचे डोळे भरले की तेच झाड फळायला लागतं.

ड्युरियन. इथे बियांचं झाड म्हणजे सगळी नवीच चिठ्ठी, त्यामुळे कलमच घ्या. पण कलम घेताना नावांची नीट चौकशी करा. मुसांग किंग, राजा कुनीत आणि माओ शान वांग ही तीन नावं सांगून तीन झाडं कोणी देऊ केली तर ती तिन्ही एकच जात आहे, मलेशियात डी १९७ या क्रमांकाने १९९३ मध्ये नोंदलेली. डी २४ बरीच जुनी, तिची नोंद १९३७ ची. ब्लॅक थॉर्न म्हणजे डी २००, ती अलीकडची, २०१५ ची. क्रमांक विचारा, नुसत्या नावावर जाऊ नका. मुसांग किंगच्या फळाच्या बुडाशी काटे नसलेला एक चांदणीसारखा पट्टा असतो, तो तेवढा खात्रीचा खुणेचा भाग. पानावरून जात सांगतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

‘मोंथोंग की मुसांग किंग’ या भांडणाबद्दल. मोंथोंग झाडावरून कापून काढतात आणि मग घरात पिकवतात. मलेशियन जाती पिकून आपोआप खाली पडू देतात. आता सांगा, कापलेल्या मोंथोंगची पडलेल्या मुसांग किंगशी तुलना केली तर आपण जातीची तुलना केली की काढणीच्या पद्धतीची? मोंथोंग सौम्य आणि जाड गराची आहे हे खरं, पण तिला झाडावर थोडं जास्त राहू दिलं की तिचा वासही वाढतो आणि चवही. दोन्ही तुमच्याकडे असतील तर दोन्ही एकाच पद्धतीने काढा, मगच मत बनवा.

आणि ड्युरियन एकच जात लावू नका. बहुतेक जातींत स्वतःच्या परागकणांवर फळ नीट धरत नाही. दोन वेगळ्या जाती, आणि त्यांचा बहार थोडा तरी एकमेकांवर येणारा.

जाबोटिकाबाच्या एका बीतून अनेकदा एकापेक्षा जास्त रोपं उगवतात आणि ती बऱ्यापैकी आईसारखीच निघतात. म्हणजे बियांचं चालतं, प्रश्न फक्त धीराचा. साबारा ही जात बियांपासून फळायला आठ ते पंधरा वर्षं लावते, लाल संकरित जात तीन ते पाच वर्षांत. इथे मी दोन्ही लावायला सांगेन, कारण साबाराच्या पातळ सालीचं ते छोटं काळं फळ मला अजून कुठल्याच जातीत सापडलेलं नाही. आम्लधर्मी माती, भरपूर पालापाचोळ्याचं आच्छादन आणि सतत ओल. मुळं वरवर असतात, खुरपणी अजिबात करू नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय, माती किंवा पाणी चुनखडीचं आहे.

मॅमी सपोटे कलमीच घ्या, एकच घ्या. पँटिन ही भरवशाची जात. फळ धरल्यापासून तयार व्हायला वर्षाहून जास्त लागतं, त्यामुळे एकाच फांदीवर फूल, लहान फळ आणि मोठं फळ असं सगळं एकदम दिसतं. साल सगळ्या वयात तशीच खरखरीत तपकिरी, बाहेरून काही कळत नाही. नखाने साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर राहू द्या, नारंगी-लाल दिसलं तर काढा. आटेमोयाबद्दल वेगळं लिहिते, तो मोठा विषय आहे.

आता तुलना. मी जे करते ते सांगते.

खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर जातीची काडी बांधतात ते, सारखा असला पाहिजे. एक जात जोमदार खुंटावर आणि दुसरी रडक्या खुंटावर असेल तर तुम्ही खुंटांची तुलना करताय. त्यासाठी कलम घेताना खुंट कशाचा, काडी कुठल्या झाडाची, कलम कधी बांधलं, हे तिन्ही विचारून लिहून ठेवा. सर्वात स्वच्छ तुलना हवी असेल तर एकाच मोठ्या झाडावर दोन जातींच्या काड्या बांधा. मूळ एक, माती एक, पाणी एक, मग जो फरक उरतो तो जातीचा.

पहिल्या बहारावर मत देऊ नका. पहिली फळं लहान, जाड सालीची, पाणचट असतात. निदान तीन बहार बघा, आणि त्यातला एक तरी जास्त पावसाचा असू द्या. मँगोस्टीनच्या बाबतीत तर पाऊस हाच मोठा परीक्षक. काढणीच्या आधी जोराचा पाऊस झाला की गर पारदर्शक, काचेसारखा होतो आणि आत पिवळा चीक उतरतो. त्या वर्षी झाड वाईट ठरवू नका.

रिफ्रॅक्टोमीटर (रसाची गोडी मोजायचं उपकरण) घ्या, पण एका फळाचा एकच थेंब बघून ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, सांगू नका. एकाच फळात देठाकडची, मधली आणि टोकाकडची गोडी वेगळी असते. तिन्ही ठिकाणचा रस घ्या, निदान पाच-सहा फळांचा, आणि फळं झाडाच्या एकाच बाजूची नकोत. मग वजन. अख्खं फळ, साल, बी, गर वेगवेगळं करून. मँगोस्टीनमध्ये खाण्यासारखा भाग जेमतेम एक चतुर्थांश ते तिसरा हिस्सा असतो, तेव्हा मोठं फळ म्हणजे जास्त गर असं धरू नका. मँगोस्टीनची एक खूण मला फार आवडते. फळ उलटं करा, बुडाशी एक छोटं कोरीव फूल असतं. त्याच्या पाकळ्या जितक्या, तितक्याच आत फोडी. पाकळ्या जास्त म्हणजे फोडी लहान आणि बी नसलेल्या फोडीही जास्त. मुलांना फळ न फोडता फोडी मोजून दाखवा, त्यांना भारी वाटतं.

चव घेताना जातीची नावं झाकून ठेवा. ज्याला नाव माहीत आहे त्याची जीभ नावाकडे झुकते.

आठळी

कलमकाठी ताईंशी बहुतेक सहमत, पण एका गोष्टीवर नाही. ‘बियांचं लावूच नका’ असं रंबुतान-ड्युरियनबद्दल सरसकट म्हटलं की पुढच्या नव्या जाती येणार कुठून? रोंगरियन स्वतः बियांचं झाड होतं. १९२० च्या दशकात पेनांगहून आणलेल्या बिया दक्षिण थायलंडमध्ये ना सान इथे रुजवल्या आणि त्यातलं एक झाड असं निघालं की आज त्याच्या कलमांनी बागा भरल्यात. फणसाचंही तेच. कापा निघेल की बरका, हे बी लावताना कोणालाच माहीत नसतं, आणि तरीही उत्तम कापे फणस असेच कुणाच्या तरी बांधावर सापडलेले आहेत. दहा-बारा झाडांतली एक-दोन जागा तरी बियांना ठेवावी असं मला वाटतं.

कलमकाठी

आठळी, तुमचं म्हणणं मान्य. सगळ्या जाती कधीतरी बियांच्याच होत्या. माझं म्हणणं इतकंच की पहिली फळं ज्याच्यावर अवलंबून आहेत ते झाड बियांचं नसावं. बियांचा शोध घ्यायचा तर बांधाला, दाट, एकमेकांपासून दोन-तीन हातांवर लावा. फुलोरा आला की नर कळतील, त्यांच्यावर डोळे भरा. मादीपैकी ज्याचं फळ आवडेल त्याची काडी घेऊन मुख्य जागेवरच्या झाडावर एक फांदी बांधा. बांधावरच्या झाडाला पूर्ण वाढू देण्याची वाट बघावी लागत नाही आणि तुलना मघाशी म्हटलं तशी एकाच मुळावर होते.

फक्त एक पथ्य पाळा. आवडलेल्या बियांच्या झाडाला लगेच नाव देऊन काड्या वाटू नका. तीन बहार जाऊ द्या. पहिल्याच वर्षी गावभर पोहोचलेली काडी परत बोलावता येत नाही.

नवा_वाफा

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार, कलमकाठी ताई. सोटमूळ आणि आठळी, तुमचेही. रंबुतानची रोपं बांधाला हलवतो आणि मुख्य जागेसाठी कलमं बघतो.

आटेमोयाचं लिहिते म्हणालात, त्याची वाट बघतोय. शेजारच्या बागेत एक झाड आहे, फुलं खच्चून येतात आणि सगळी गळतात. फळ धरलंच तर एका बाजूने फुगलेलं आणि दुसरीकडून दबलेलं. जात माहीत नाही. तिथली काडी घेऊ की नको? आणि मँगोस्टीन पिशवीतून जमिनीत कधी हलवू?

कलमकाठी

काडी लगेच नको, आधी त्या झाडाची परीक्षा घ्या. फुलं गळणं आणि वाकडं फळ, या दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: परागकण पोहोचले नाहीत किंवा अर्धेच पोहोचले. आटेमोया म्हणजे चेरिमोया आणि सीताफळाचा संकर. फ्लोरिडात पी. जे. वेस्टर यांनी १९०८ मध्ये तो मुद्दाम केला, ऑस्ट्रेलियात तर त्याच्याही आधी तो आपोआप झालेला होता. या सगळ्या कुळात फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. ज्या वेळी स्त्रीकेसर तयार असतात त्या वेळी त्याच फुलातले परागकण तयार नसतात. मधलं काम छोटे भुंगेरे करतात, आणि ते नसले किंवा हवा कोरडी असली की फूल तसंच वाळून गळतं.

संध्याकाळी चारच्या सुमारास झाडाखाली जा. काही फुलांच्या तिन्ही पाकळ्या पूर्ण फाकलेल्या दिसतील आणि आतले पुंकेसर मलईच्या रंगाचे, सैल झालेले. बोटाने टिचकी मारली की ते भुरभुर खाली पडतात. ही नर अवस्था. एका छोट्या डबीत ते गोळा करा, झाकण किंचित उघडं ठेवून रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत परत जा. आता बघायची ती वेगळी फुलं, ज्यांच्या पाकळ्या फक्त जराशा विलग झाल्यात, बोटाचं टोकही आत जाणार नाही इतक्या. एक पाकळी हलकेच बाजूला करा. मधला शंकू ओलसर चमकताना दिसला तर फूल तयार आहे. बारीक ब्रश परागकणांत बुडवून त्या शंकूवर सगळीकडून फिरवा, एका बाजूला दोनदा आणि दुसरीला शून्य असं नको. शंकूवरचा प्रत्येक कण म्हणजे पुढे फळाचा एक खवला. जिथे पराग लागत नाही तिथला खवला फुगत नाही आणि फळ त्या बाजूने दबलेलं राहतं. तुमच्या शेजाऱ्यांच्या फळाचं नेमकं हेच झालंय.

एका फांदीवर असं करा, दुसरी तशीच सोडा. हात लावलेल्या फांदीवर गोल, भरलेली फळं आली तर जात चांगली आहे, काडी खुशाल घ्या. गोल फळ येऊनही चव किंवा गर वाईट निघाला तर सोडून द्या.

ब्रश हातात घेऊन रोज उठणं जमणार नसेल तर गेफनर लावा. ही इस्रायलमधली निवड, हात न लावताही बऱ्यापैकी फळ धरते. पेज हीसुद्धा धरते, पण पिकताना झाडावरच फुटते, त्यामुळे जरा कडक असतानाच काढावी लागते. आफ्रिकन प्राइड लवकर आणि भरपूर फळते, मात्र तिच्या गरात कधी कधी कडक गाठी निघतात. पिंक्स मॅमथचं फळ मोठं आणि चव फार सुंदर, पण धरणं कंजूष. हातात ब्रश असलेल्या माणसाने पिंक्स मॅमथ लावावी, नसलेल्याने गेफनर. मला विचाराल तर दोन्ही, कारण मग तुमच्या जागेत हाताने परागीकरण केल्याचा खरा फायदा किती, हेही कळेल.

या झाडाची आणखी एक गंमत बघून ठेवा. नव्या फुटीचा डोळा पानाच्या देठाच्या आत झाकलेला असतो. पान गळाल्याशिवाय तो उघडत नाही. म्हणून छाटणीनंतर टोकाकडची पानं हाताने काढली की तिथून नवी फूट येते आणि फुलं त्या कोवळ्या फुटीवरच लागतात. सगळं झाड एकदम ओरबाडू नका, थोड्या थोड्या फांद्या पुढेमागे करा म्हणजे बहारही लांबतो.

ड्युरियनचं परागीकरणही हाताने करता येतं, वेळ मात्र रात्रीची. फुलं दुपारनंतर उमलायला लागतात, अंधार पडल्यावर पराग सुटतात, आणि सकाळपर्यंत पाकळ्या-पुंकेसर खाली पडून गेलेले असतात. हे काम एरवी वटवाघळं करतात, तेव्हा बहारात झाडावर जाळी टाकून त्यांना अडवू नका. एका जातीचे पुंकेसर कापून दुसऱ्या जातीच्या फुलांवर ब्रशने लावले की फळ चांगलं भरतं आणि आकारही सुधारतो. पण हे कामाला येईल तोवर चार-सहा वर्षं आहेत.

आता तुमचं मँगोस्टीन. सोटमूळ लांब आणि ठिसूळ असतं, ते दुखावलेलं झाडाला अजिबात खपत नाही. म्हणून पिशवी उथळ असेल तर आत्ताच खोल पिशवीत हलवा, मातीचा गोळा न फोडता. मूळ बुडाशी गुंडाळी करायला लागलं की पुढे सगळं अवघड होतं. रोप दोन फूट झालं, पानांच्या सहा-सात जोड्या आल्या की पावसाळ्याच्या सुरुवातीला जागेवर लावा. पहिली तीन-चार वर्षं अर्ध्या सावलीची जाळी किंवा शेजारी केळी. उघड्या उन्हात पानं करपतात आणि ते रोप वर्षभर जागचं हलत नाही.

जागांची वाटणी मी अशी करेन: मँगोस्टीन दोन, रंबुतान दोन वेगळ्या जाती, ड्युरियन दोन, आटेमोया दोन, जाबोटिकाबा दोन, मॅमी एक. उरलेली जागा रिकामी ठेवा. ड्युरियन आणि मॅमी मोठे वृक्ष होतात, एकमेकांत निदान तीस फूट सोडा. जाबोटिकाबा त्यांच्या मधे बसतं, त्याला थोडी सावली चालते.

कलमं आली की जोडाच्या खालून फुटलेले कोंब दर महिन्याला खुडत जा. ते खुंटाचे असतात आणि वरच्या काडीपेक्षा जोरात वाढतात. दोन वर्षं लक्ष गेलं नाही तर झाड भलतंच होऊन बसतं, आणि मग तुलना करायला हातात असते ती खुंटाची जात.

सोटमूळ

तीस फूट कमी पडतील असं मला वाटतं, ड्युरियनला तरी. चाळीस सोडा.

कलमकाठी

बियांच्या ड्युरियनला चाळीस, मान्य. कलमी झाडाचा शेंडा वेळेवर मारत राहिलं तर तीस पुरतात. नवा_वाफा, शेंडा मारण्याइतका वेळ देणार नसाल तर सोटमूळ यांचं ऐका.